आजीच्या उतरंडीतील मडकी

मराठी घरात एकेकाळी मातीच्या भांड्यांना जितकी नावे होती, तितकी आज स्वयंपाकघरातील सर्व धातूंच्या भांड्यांना मिळूनही नसतील. रांजण, डेरा, माठ, घागर, मडके, गाडगे, मोघा, सुगड, बोळके, परळ, पणती, खापर ही त्यांतली काही. नाव बदलले की आकार बदले, तोंडाची रुंदी बदले आणि कामही बदले. रांजण परसात अर्धा जमिनीत पुरलेला असे आणि तो सहसा जागचा हलत नसे. डेऱ्यात ताक घुसळीत. मोघ्याचे तोंड अरुंद, कारण आतला द्रव पदार्थ सांडता कामा नये. परळ उथळ, म्हणजे झाकणही तेच आणि पसरट थाळीही तीच. बोळके सर्वांत लहान, मुलींच्या भातुकलीतले; दात पडलेल्या म्हाताऱ्या तोंडाला बोळके म्हणण्याची आपली रीत पाहिली, म्हणजे या लहानशा भांड्याचा आकार भाषेच्या किती अंगवळणी पडला होता ते कळते.

ही सारी नावे आणि त्यांचे उपयोग ज्या व्यक्तीच्या जिभेवर होते ती म्हणजे घरातील आजी. कोठीच्या कोपऱ्यात एकावर एक रचलेली मडक्यांची उतरंड असे. तळाशी सर्वांत मोठे, वरती क्रमाने लहान, आणि शेंड्यावर परळाचे झाकण. तळच्या मडक्यात डाळ, वरच्यात गूळ, त्याच्या वरच्यात चिंच, आणि एखाद्यात फडक्याच्या पुरचुंडीत चार रुपये. उतरंड कशी लावावी, कशी उतरवावी आणि कोणते मडके कोणत्या पदार्थाला एकदा दिले म्हणजे पुन्हा दुसऱ्याला द्यावयाचे नाही, हे ज्ञान नातीला आजीकडून मिळे. ते कोठे लिहिलेले नव्हते.

अलीकडे म्हैसूर, बंगळूर, पुणे, मुंबई अशा शहरांतून हाताने मातीची भांडी घडविण्याची आवड सुशिक्षित वर्गात दिसू लागली आहे. या कामाकडे वळलेल्यांपैकी कित्येकजण आपल्या घडणीचा उगम आजीच्या स्वयंपाकघरात असल्याचे सांगतात. तिच्या दह्याच्या गाडग्याचा गळा, तिच्या माठाची पोटाळी, तिच्या पणतीची चोच पुन्हा मातीत उतरविण्याचा हा प्रयत्न आहे. तो मनापासूनचा असतो यात शंका नाही. परंतु आठवणीत प्रथम राहतो तो आकार, आणि मडक्याच्या बाबतीत आकार हा सर्वांत सोपा भाग असतो. त्या आकारामागे कुंभाराने आणि आजीने मिळून जे काही जाणले होते, ते समजून घेतल्यावाचून नवे गाडगे जुन्यासारखे दिसेल; जुन्यासारखे वागेलच असे नाही.

म्हैसुरासंबंधी बोलताना एक गोष्ट प्रथमच ध्यानात येते. मराठी माणसाला कानडी मुलखात गेल्यावर भाषा अडते. पण कुंभाराच्या दारात ती फारशी अडत नाही. आपण मडके म्हणतो, कानडीत मडके किंवा मडिके म्हणतात. आपले गाडगे, त्यांचे गडिगे. आपला कुंभार, त्यांचा कुंबार. कोणी कोणाकडून शब्द घेतला याचा वाद भाषापंडितांनी करावा. चूल आणि पाणवठा या दोन्ही ठिकाणी हे दोन समाज शेकडो वर्षे एकमेकांचे शेजारी होते, एवढे या शब्दांवरून उघड होते. म्हैसूर शहरात कुंबारकोप्पल नावाची वस्ती आहे, म्हणजे शब्दशः कुंभारांचा पाडा. आज तेथे शहर पसरले असले तरी नावाने जुन्या धंद्याची आठवण ठेवली आहे. (आकाशवाणी हे नावही याच शहराने दिले, १९३५ साली प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरी चालविलेल्या ध्वनिक्षेपण केंद्राचे ते नाव होते.)

म्हैसुराच्या आग्नेयेस कावेरी आणि कपिला यांच्या संगमावर टी. नरसीपूर हे गाव आहे. तेथे म्हैसूर विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ एम. शेषाद्री यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले व त्याचा अहवाल १९७१ साली प्रसिद्ध झाला. नवाश्मयुगातील त्या वस्तीत हाताने घडविलेली, घोटून तुळतुळीत केलेली करड्या रंगाची भांडी मिळाली. त्यांच्याबरोबर भाजलेल्या मातीची एक चमत्कारिक वस्तू सापडली, ती म्हणजे डोके टेकण्यासाठी केलेली मातीची उशी. महाराष्ट्रात घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक वर्षे उत्खनन केले. तेथे घराच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने आढळली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आणि त्यांच्या पोटात ते मूल. ज्या घरात धान्य मडक्यात ठेवीत, त्याच घराने आपले मूलही मडक्यातच ठेवावे, याला फार मोठ्या भाष्याची जरूर नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईला मडक्याहून अधिक सुरक्षित अशी दुसरी जागा ठाऊक नव्हती.

आता मडके घडते कसे ते पाहू. पहिला प्रश्न मातीचा. आपल्याकडील काळी जमीन पिकाला उत्तम, पण एकटीच मडक्याला अपुरी पडते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना इतकी आक्रसते की भांड्याला भेगा जातात. शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे असतात. भाजताना त्या खड्याचा कळीचा चुना होतो, आणि पुढे हवेतील ओल लागून तो फुगला की भांड्याचा टवका उडतो. म्हणून कुंभार तळ्याचा किंवा ओढ्याचा गाळ शोधतो, तो कुटतो, चाळतो, भिजवतो, आणि त्यात वाळू, राख किंवा घोड्याची लीद मिसळतो. लिदीचे नाव ऐकून शहरातील माणूस नाक मुरडतो. परंतु तिच्यातील बारीक तंतू ओल्या भांड्याला आधार देतात आणि भाजताना जळून जाऊन असंख्य सूक्ष्म छिद्रे मागे ठेवतात. माठातील पाणी गार होते ते या छिद्रांमुळे. म्हैसूरचा मुलूख तर तळ्यांचाच आहे. उन्हाळ्यात तळे आटले की गाळ काढावयाचा, तो काही शेतकऱ्याने शेतात घालावयाचा, काही कुंभाराने न्यावयाचा, अशी गावोगावची पद्धत होती. तळ्याचे पाणी, शेताचे खत आणि घरातील भांडी या तिन्हींचा हिशोब एकाच खड्ड्यात होत असे.

दुसरा प्रश्न चाकाचा. मडके चाकावर घडते, असे आपण सहज म्हणून जातो. ते अर्धेच खरे आहे. चाकावर कुंभार मडक्याचे तोंड, गळा आणि जाड भिंतीचे बसके पोट काढतो व दोऱ्याने ते कापून घेतो. त्या वेळी त्याला पुष्कळदा बूडच नसते. मग ते थोडे सुकू देतात. नखाने ओरखडा उठावा पण बोटाने खळगा पडू नये, इतपत सुकले की कुंभार ते मांडीवर घेतो. आतून एका हाताने गोल गुळगुळीत दगडी गोटा धरतो आणि बाहेरून दुसऱ्या हाताने लाकडी थापटण्याने ठोकू लागतो. गोट्याला माती चिकटू नये म्हणून त्याला राख लावलेली असते. ठोकता ठोकता भिंत पातळ होते, पोट फुगते आणि उघडे बूड हळूहळू जुळून बंद होते. चाकावरून उतरलेल्या भांड्याहून तयार मडके कितीतरी मोठे व हलके असते. म्हणजे ज्याला आपण चाकावरचे मडके म्हणतो ते खरे पाहता हाताचेच काम आहे, आणि त्याचा गोल तळ हा ठोकण्यातून आपोआप आलेला आहे.

या कामात स्त्रियांचा वाटा मोठा असून तो क्वचितच नोंदला गेला. देशाच्या फार मोठ्या भागात कुंभाराच्या घरातील बाईने चाकाला हात लावावयाचा नाही, असा दंडक होता. चाक पूजेचे, म्हणून ते पुरुषाचे. परंतु माती आणणे, कुटणे, तुडवणे, मडकी उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात हलविणे, घोटणे, रंगविणे, आणि शेवटी डोक्यावर हारा घेऊन बाजारात विकणे हे सर्व तिचे. कित्येक ठिकाणी थापटण्याचे कामही तीच करी. ज्या दोन-तीन मुलखांत स्त्रीने चाकावाचूनच संपूर्ण भांडे घडवावे अशी परंपरा आहे, तेथे तिच्या हाताची करामत दिसून येते. मणिपुरातील आंद्रो आणि मेघालयातील लारनाई ही अशी गावे आहेत. तेथे चाक फिरत नाही. बाई हाताने आणि लाकडी थापीने भांड्याला आकार देते, तरी भांडे वाटोळेच होते.

मडके वाळविणे ही कौशल्यापेक्षा धीराची बाब आहे. भिंतीत पाणी राहिले आणि ते भांडे विस्तवात गेले, तर वाफ होऊन ते फुटते व शेजारच्या चार भांड्यांनाही घेऊन जाते. म्हणून आवा लावताना प्रथम नुसता धूर धरतात. गोवऱ्या, पाचट, लाकडाचा भुगा आणि पेंढा यांच्या थरांत मडकी रचून वरून माती-राखेने लिंपतात. आच हळूहळू चढते. सुमारे पाचशे ते सहाशे अंश सेल्सिअसच्या दरम्यान मातीच्या कणांत रासायनिक रूपाने बांधले गेलेले पाणी सुटते. येथवर माती ही माती असते, पाण्यात टाकली तर विरघळेल. यापुढे ती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. गावच्या आव्यात सहाशेपासून नऊशे अंशांपर्यंत उष्णता जाते. मोकळी हवा मिळाली तर मातीतील लोहामुळे भांडे लाल निघते. हवा कोंडून धूर आत मुरू दिला तर तेच भांडे काळे निघते. संक्रांतीची काळी सुगडी आणि लाल सुगडी एकाच मातीची असू शकतात. फरक पडतो तो वाऱ्याने.

भाजलेले आणि कच्चे यांची पारख कानाने होते. संत गोरा कुंभार यांची तेरची कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. संतमेळा जमला असता मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारले, आणि मग गोरोबाकाकांनी तेच थापटणे घेऊन एकेका संताचे डोके तपासले. नामदेव रागावले व कच्चे ठरले, अशी ती परंपरा आहे. तिच्यातील अध्यात्म कीर्तनकारांनी पुष्कळ सांगितले. तिच्यातील व्यवसाय मात्र मागे पडला. भाजलेल्या, निर्दोष मडक्यावर बोटाचे पेर मारले की ते खणखणते. कच्चे किंवा तडा गेलेले असेल तर ते बद्द वाजते, कारण तड्यापाशी कंप अडतो व विरून जातो. बाजारात कुंभारणीपुढे बसून आजी दहा मडकी वाजवी आणि एक घेई. गोरोबाकाकांची परीक्षा आठवड्याच्या बाजारात दर वेळी होत होती. परीक्षक मात्र निराळी होती.

येथे कुंभाराचे काम संपते आणि आजीचे सुरू होते. आव्यातून निघालेले मडके पुरे झालेले नसते. नवा माठ आणला की तो रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावयाचा, पहिल्या दोन-तीन दिवसांचे पाणी प्यावयाचे नाही. रांधावयाचे मडके असेल तर त्यात तांदळाची पेज मंद आचेवर शिजवावयाची. पेजेतील पिष्ठ छिद्रांत जाऊन बसते व मडके झिरपेनासे होते. वरून तेलाचा हात फिरवावयाचा. ही क्रिया दोन-चार वेळा झाली की भांडे कामाला येते. पाण्याच्या माठाला मात्र पेज किंवा तेल चुकूनही लावावयाचे नाही, कारण त्याने झिरपलेच पाहिजे. एकाच आव्यातील दोन जुळी मडकी आजीच्या हातून अशी दोन परस्परविरुद्ध गुणांची होत. आज बाजारातून मातीचे भांडे आणणारे पुष्कळजण हीच गोष्ट चुकतात. पाण्याचा माठ साबणाने घासतात. साबण छिद्रांत मुरतो आणि पाण्याला वास येतो. आजी काथ्याने किंवा राखेने घाशी आणि उन्हात पालथे घाली.

माठातील पाणी गार का होते याचा हिशोब मोठा मनोरंजक आहे. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास, आपल्या हवेच्या तापमानात, सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढी उष्णता पाण्यातूनच काढून घेतली, तर ५८ लिटर पाणी दहा अंशांनी थंड होईल. प्रत्यक्षात इतका लाभ मिळत नाही, कारण बाहेरची तापलेली हवा माठाला उष्णता परत देत राहते. म्हणून तर माठ सावलीत पण वारा लागेल असा ठेवावयाचा, त्याच्याखाली ओली वाळू घालावयाची, भोवती ओले फडके गुंडाळावयाचे. सोलापूर-विजापूरकडे वैशाखात हवा कोरडी असते, तेथे माठ आपले काम चोख करतो. कोकणात हवेतच पाणी भरलेले असते, तेथे तोच माठ आळसावतो. माठ दोन-तीन उन्हाळे वापरला की पाण्यातील क्षार छिद्रांत साचून ती बुजतात. मग आजी त्याला पाण्यावरून काढून धान्याच्या कामाला लावी आणि नवा आणी. माठ म्हातारा झाला, असे ती म्हणे.

दह्याचे गाडगेही याच न्यायाने चालते. छिद्रांतून दह्यातील जादा पाणी निघून जाते, म्हणून दही घट्ट लागते. आणि भिंत गार राहते, म्हणून ते भरकन आंबत नाही. चुलीवरील मडक्याचे याहून निराळे. अॅल्युमिनिअममधून उष्णता जितकी धावते, त्याच्या शंभरावा भागसुद्धा मातीतून धावत नाही. म्हणून मातीच्या भांड्यात तळाला एकदम करपत नाही, अन्न हळूहळू शिजते, आणि चुलीवरून उतरल्यावरही बराच वेळ शिजत राहते. आजी आमटी पुरती शिजण्याआधीच खाली उतरवी, हे तिच्या मडक्याला धरून होते. तोच नियम स्टीलच्या पातेल्याला लावला तर आमटी कच्ची राहील. गोल तळाचेही कारण येथेच आहे. कोपरा असला की आच लागताना तेथे ताण येतो आणि तडा जातो. वाटोळ्या बुडावर आच सारखी पसरते. तीन दगडांच्या चुलीवर गोल तळ घट्ट बसतो, आणि जमिनीवर ठेवावयाचा झाला तर चुंबळ असते. सपाट टेबल आणि गॅसची शेगडी आली तेव्हा हा गोल तळ अडचणीचा वाटू लागला. आज आजीचा आकार म्हणून जी भांडी विकली जातात त्यांतली बरीचशी सपाट बुडाची असतात, हे साहजिक आहे; पण सपाट बुडाचे मातीचे भांडे थेट ज्वालेवर ठेवणे म्हणजे ते फुटण्याची वाट पाहणेच होय.

आजीच्या मडक्यांचे एक पंचांगही होते. पौषात संक्रांतीला सुगडी, त्यांत बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या आणि तीळगूळ. वैशाखात अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेल्या घटाचे दान. आश्विनात घटस्थापना, दिवाळीला पणत्या. लग्नात बोहल्याच्या चार कोपऱ्यांना उतरंडी, आणि अंत्ययात्रेत पुढे विस्तवाचे मडके. म्हैसुरात नवरात्र म्हणजे बाहुल्यांचा सण. घरोघरी पायऱ्या मांडून त्यांवर गोंबे, म्हणजे बाहुल्या, बसवितात. त्यांत मातीच्या बाहुल्या पुष्कळ असतात, आणि त्या आजीकडून आईकडे व आईकडून लेकीकडे जातात. मडके दोन-तीन वर्षांत फुटून जाते, पण वर्षातून नऊ दिवस बाहेर येणारी मातीची बाहुली तीन पिढ्या टिकते.

मडक्याची सर्वच आठवण गोड आहे, असे मात्र कोणी समजू नये. जुन्या सोवळ्याच्या घरात ग्रहण किंवा सुतक आले की धातूची भांडी घासून घेत आणि मातीची फेकून देत, कारण माती विटाळ शोषून घेते अशी समजूत होती. कुंभाराचा धंदा या समजुतीवर काही अंशी चालत असे. पण तीच समजूत माणसांना लावली गेली, तेव्हा तिचे रूप भयंकर झाले. पेशवाईत पुण्यात अस्पृश्य मानलेल्या माणसाला थुंकण्यासाठी गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, याचा उल्लेख डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात केला आहे. पाण्याचा माठ कोणी शिवावा आणि कोणी शिवू नये, यावरून या देशात किती जणांचे घसे कोरडे राहिले! आजीच्या उतरंडीकडे प्रेमाने पाहणाऱ्याने हेही पाहिले पाहिजे की, ज्या आजीला सार्वजनिक पाणवठ्यावर घागर बुडविण्याची मनाई होती, तिच्याही घरी घागर मातीचीच होती.

कुंभार हा गावगाड्यातील बलुतेदार. महाराष्ट्रात बलुते आणि म्हैसुराकडे आय, अशा नावाने त्याला सुगीच्या वेळी धान्य मिळे आणि वर्षभर घराला लागेल तेवढी भांडी तो पुरवी. या व्यवस्थेत त्याला मान फार नव्हता, पण गिऱ्हाईक ठरलेले होते. ते एकेका बाजूने सुटत गेले. १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि कुंभाराच्या हातची कौले मागे पडू लागली. मग अॅल्युमिनिअम आले, त्यामागून स्टेनलेस स्टील, प्लॅस्टिकच्या घागरी, शेवटी शीतकपाट. तळी बुजून त्यांवर घरे उठली, आणि उरलेल्या तळ्यांतून गाळ उचलण्यास परवानगीचा अर्ज लागू लागला. परंतु याहून निराळे एक कारण आहे, ते उद्योगखात्यांच्या तक्त्यांत सापडत नाही. मडके वाजवून घेणारी, पेज मुरविणारी, कोणत्या मडक्याची भिंत केवढी असावी हे कुंभाराला सुनावणारी म्हातारी गेली. चांगल्या कुंभाराला चांगले गिऱ्हाईक लागते. तिच्या पश्चात कुंभारापाशी मडक्यात दोष काढणारे कोणी उरले नाही, आणि दोष काढणारा नसला की कारागिराचा हात ढिला पडतो.

याच म्हैसूर शहरात १९१६ साली जन्मलेले समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. १९४८ साली त्यांनी म्हैसुराजवळच्या एका खेड्यात राहून अभ्यास केला. ग्रंथात त्यांनी त्या गावाला रामपुरा म्हटले आहे. १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे आग लागून त्यांची टिपणे जळाली, आणि मग त्यांनी मुख्यतः स्मरणातून ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’ हा ग्रंथ लिहिला. तो १९७६ साली निघाला. तो वाचताना माणसे, त्यांचे स्वभाव, त्यांची भांडणे डोळ्यांसमोर उभी राहतात. स्मरणाची ताकद ही अशी आहे. पण मातीत वाळू किती आणि आवा किती तास, हे स्मरणातून येत नाही. ते वेळेवर मोजून, लिहून ठेवावे लागते. बैद्यनाथ सरस्वती आणि नवकिशोर बेहुरा यांनी भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणासाठी १९६६ साली देशभरच्या कुंभारकामाची पाहणी प्रसिद्ध केली, तिचे मोल म्हणून मोठे आहे. पुण्याच्या निर्मला पटवर्धन यांनी १९८४ साली कुंभारकामावर इंग्रजीत जे हस्तपुस्तक लिहिले, त्यात आपल्या देशातील कारागिराला उपयोगी पडतील अशी मिश्रणे दिली. मराठी किंवा कानडी कुंभारणीचे तिच्याच भाषेतले शब्द मोजमापांसह टिपून घेण्याचे काम अजून पुष्कळ करावयाचे आहे. ज्या बायका ते सांगू शकतील त्या आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत.

सीमाभागातील खानापूर, जे १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते व नंतर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले, तेथील कुंभारकाम जुने व नावाजलेले आहे. मराठी आणि कानडी दोन्ही बोलणाऱ्या या तालुक्यात खादी व ग्रामोद्योग आयोगाची मध्यवर्ती ग्रामीण कुंभारकाम संस्था आहे. आयोगाने २०१८ पासून कुंभारांना विजेवर चालणारी चाके देण्याची योजना चालविली, आणि २०२३ सालच्या केंद्र सरकारच्या विश्वकर्मा योजनेतही कुंभाराचा समावेश झाला. विजेच्या चाकाला दांडूने गती द्यावी लागत नाही, त्यामुळे खांद्याचे श्रम वाचतात. त्याहून मोठी गोष्ट अशी की, हे चाक पूजेतले जुने चाक नसल्यामुळे त्यापुढे बाईने बसण्यास घरातील वडीलधाऱ्यांची हरकत कमी होते. ज्या हातांनी पिढ्यानपिढ्या माती तुडवली त्यांना चाक मिळावे, ही सुधारणा लहान म्हणता येणार नाही. विजेच्या चाकाने थापटणे मात्र सुटत नाही. मोठा माठ अजूनही मांडीवर घेऊनच फुगवावा लागतो, आणि तरुण मुले प्रथम कंटाळतात ती याच कामाला.

आजीचे भांडे नव्याने करू पाहणाऱ्यांनी आणखी एका बाबतीत सावध असावयास हवे. जुने दह्याचे गाडगे किंवा माठ बिनचकाकीचा असे. आज भांड्याला शोभा यावी म्हणून काचेसारखा झिलईचा थर देतात. कमी आचेवर वितळणाऱ्या झिलईत पूर्वीपासून शिसे वापरीत आले आहेत. अशा भांड्यात चिंच, लिंबू, लोणचे किंवा दही ठेवले तर आंबट रसाने शिसे अन्नात उतरते. ते डोळ्याला दिसत नाही, जिभेला लागत नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूला विशेष अपाय करते. लोणच्याच्या जुन्या चिनी मातीच्या बरण्या फार मोठ्या आचेवर भाजलेल्या असत, म्हणून त्यांचा दाखला येथे लागू पडत नाही. झिलईत शिसे नाही अशी खात्री विकणाऱ्याने दिली नाही, तर ते भांडे फुले ठेवण्यास घ्यावे, दही लावण्यास घेऊ नये.

मडके फुटल्यावर आजीच्या घरी ते उकिरड्यावर जात नसे. मोठ्या तुकड्याचे खापर होई, आणि त्यात शेंगदाणे, तीळ किंवा लाह्या भाजीत. बुडाचा वाटोळा भाग परसात पाखरांच्या पाण्यासाठी ठेवीत. लहान तुकड्यांच्या मुले ठिकऱ्या करीत व अंगणात घरे आखून त्यांवर खेळत. आणि उरलेल्या खापऱ्या कुंभारीण नवी मडकी देताना हाऱ्यात घालून परत नेई. त्या कुटून, चाळून, त्यांचा रवाळ चुरा नव्या मातीत मिसळीत. एकदा भाजून निघालेला हा चुरा पुन्हा आक्रसत नाही, त्यामुळे नवे मडके वाळताना तडकत नाही आणि चुलीवरची आच अधिक सोसते. आजही रांधण्याची भांडी करणारा जाणता कारागीर वाळूपेक्षा हा खापरांचा चुरा पसंत करतो.